बर्फात स्पोर्ट्स कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला बर्फ पडला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्याच हिवाळ्याला सामोरं जाणाऱ्यांसाठी आहेत, पुढचे जरा मुरलेल्यांसाठी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल इथल्यापेक्षा वेगळं सांगत असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

१. एवढी ताकदवान गाडी बर्फात चालवता तरी येते का? की हिवाळाभर झाकूनच ठेवायची?

येते. ताकदीची भीती सगळ्यांना वाटते, पण बर्फावर ती ताकद वापरताच येत नाही. हिशेब करून बघा. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक (पकडीचं माप) ०.८ ते १ असतो, दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो. १५०० किलोची गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली आहे आणि चारही चाकं जोर लावताहेत असं धरलं, तरी असा रस्ता जेमतेम ५० हॉर्सपॉवर स्वीकारतो. फक्त मागची चाकं जोर लावत असतील तर ३० च्या आसपास. उरलेले चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवर चाकं जागच्या जागी गरगर फिरवण्यापलीकडे काही करत नाहीत.

म्हणजे या रस्त्यावर छोट्या हॅचबॅकला जेवढा जोर लागतो तेवढाच तुमच्या गाडीला लागतो. फरक इतकाच, की तुमच्या ॲक्सिलरेटरच्या पेडलवर तो पहिल्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. खऱ्या अडचणी दोन: टायर (प्रश्न २ ते ५) आणि जमिनीपासूनची उंची (प्रश्न १३). पहिली पैसे टाकून सुटते. दुसरी सुटत नाही, त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी लागते.

२. गाडीचे मूळचे उन्हाळी टायर जवळजवळ नवे आहेत. थोड्याच अंतरासाठी त्यांवर गेलं तर चालेल का?

नाही. या एका मुद्द्यावर आम्ही घासाघीस करत नाही.

टायरवर नक्षी किती शिल्लक आहे हा इथे प्रश्नच नाही, प्रश्न रबराचा आहे. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते कडक होऊ लागतं आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतायचं थांबतं. त्यात या टायरांना बर्फ धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ नसतातच. बर्फावरची बरीचशी पकड बर्फाचीच बर्फावर असते: नक्षीत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. गुळगुळीत रुंद पट्ट्यांमध्ये तो अडकणार कुठे?

ट्रॅकसाठीच्या अर्धवट स्लिक (नक्षी अगदी कमी असलेल्या) टायरांची गोष्ट आणखी गंभीर आहे. उणे ७ अंशांच्या खाली असे टायर लावून गाडी हलवूसुद्धा नये, नक्षीच्या रबराला तडे जाऊ शकतात, असा इशारा उत्पादकच देतात. थंड गॅरेजमधून गाडी दहा मीटर मागे घेतानाही हे होऊ शकतं.

३. ऑल-सीझन टायर पुरतील का? आणि ‘एम+एस’ लिहिलेलं असेल तर तो हिवाळी टायर झाला ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: झालाच असं नाही. एम+एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही खूण उत्पादक स्वतःच लावतो. त्यासाठी ठरावीक चाचणी पार करावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. टायर घेताना बाजूच्या भिंतीवर ते चिन्ह शोधा. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस हिवाळी टायर म्हणून धरलंच जात नाही.

वर्षातून चार-दोन दिवसच बर्फ आणि एरवी नुसती थंडी, अशा ठिकाणी डोंगराचं चिन्ह असलेला चांगला ऑल-सीझन टायर भागवून नेतो. महिनोन्‌महिने बर्फ असेल तर खरा हिवाळी टायरच घ्या. आमचं मत विचाराल तर स्पोर्ट्स कारला ऑल-सीझन टायर हा दोन्हीकडून तोटा आहे, कारण उन्हाळ्यात गाडीची मजा जाते आणि बर्फात भरवसाही पूर्ण मिळत नाही. दोन संच ठेवले तर एकूण खर्च वाटतो तेवढा वाढत नाही. एक संच वापरात असताना दुसरा झिजत नसतो.

४. कोणत्या मापाचे हिवाळी टायर घ्यावेत? मागचे ३०५ मिलिमीटर रुंद आहेत, तसेच घेऊ का?

मॅन्युअलमध्ये हिवाळ्यासाठी मंजूर मापांचा तक्ता असतो. त्यातलं सर्वांत अरुंद माप आणि सर्वांत लहान रिम घ्या. भुसभुशीत बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि घट्ट थरापर्यंत पोचतो, तर रुंद टायर वरच तरंगतो आणि पुढे बर्फाचा ढीग साठवत जातो. रिम लहान असली की टायरची भिंत उंच होते, आणि बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी होते.

मात्र रिम किती लहान करता येईल ते ब्रेक ठरवतात. मोठ्या कॅलिपरवर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) १८ इंची रिम बसेलच असं नाही, आणि कार्बन-सिरॅमिक ब्रेक असलेल्या गाडीला तर अनेकदा १९ किंवा २० च्या खाली जाताच येत नाही. ‘बसते की!’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. कॅलिपर आणि रिम यांच्यात पुरेशी फट नसेल तर तिथे अडकलेला बर्फ गोठतो आणि रिमला आतून घासतो.

वेगाची श्रेणीही बघा. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. हिवाळी टायरची श्रेणी गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी चालते, पण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात अशा वेळी टायरची मर्यादा लिहिलेलं स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावं लागतं. बहुतेक गाड्यांत तेवढ्या वेगाचा इशाराही लावून ठेवता येतो.

५. गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. फक्त मागचे दोनच हिवाळी टायर घेतले तर?

गाडी सुटेल झकास, पण वळणार नाही आणि थांबणारही नाही. ब्रेक लावताना सगळ्यात जास्त काम पुढची चाकं करतात, आणि दिशाही तीच देतात. उलटं करून फक्त पुढे हिवाळी टायर लावले तर आणखी वाईट: ब्रेक लावताच मागची बाजू पुढे यायला बघते. चारही चाकांना एकाच बनावटीचे, सारखे झिजलेले टायर हवेत. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी तो टायर संपला असं समजा, कायदा कमी सांगत असला तरी.

६. माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. मला एवढी काळजी कशाला?

कारण थांबताना सगळ्याच गाड्या चार चाकांवर थांबतात. ऑल-व्हील ड्राइव्हचा फायदा जागेवरून सुटताना, चढावर आणि वळणातून बाहेर पडताना मिळतो. ब्रेक लावताना तो शून्य, आणि वळणात शिरताना जवळजवळ शून्य. उलट गाडी सहज वेग घेते म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते चालकाला उशिरा कळतं. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी पहिल्या सिग्नललाच शेपूट हलवून बजावते, ते बरं.

उन्हाळी टायरवरच्या ऑल-व्हील ड्राइव्हपेक्षा हिवाळी टायरवरची रिअर-व्हील ड्राइव्ह बर्फात कधीही बरी.

शिवाय सगळ्या ऑल-व्हील ड्राइव्ह प्रणाली एकसारख्या नसतात. फेरारीने २०११ मध्ये एफएफ आणली तेव्हा पुढच्या चाकांसाठी इंजिनच्या पुढच्या टोकाला छोटा वेगळा गिअरबॉक्स दिला, आणि तो पहिल्या चार गिअरपर्यंतच काम करतो. काही गाड्यांत रिअर-व्हील ड्राइव्हचा मोड निवडता येतो. बीएमडब्ल्यूच्या एम५ मध्ये त्यासाठी स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) पूर्ण बंद करावं लागतं, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरच्या बर्फात त्या मोडचं काहीच काम नाही.

७. मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ बर्फात उत्तम चालते म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे. वजनाचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मागच्या चाकांवर असल्याने ती चाकं जमिनीला दाबून असतात. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं पोर्शेने ९११ वर माँटे कार्लो रॅली, म्हणजे हिवाळ्यातल्या डोंगरी रस्त्यांवरची शर्यत, जिंकली. पहिली व्हिक एल्फर्डने, पुढच्या दोन ब्यॉर्न वाल्डेगार्डने, आणि तीही फक्त मागच्या चाकांच्या जोरावर.

पण त्याच वजनाची दुसरी बाजूही आहे. पुढची चाकं हलकी असल्याने वळणात शिरताना गाडी सरळ निघून जाऊ पाहते, आणि मागची बाजू एकदा सुटली की ते वजन तिला आणखी बाहेर फेकतं. इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्या दिशा पटकन बदलतात. मग घसरायला लागल्या की फिरतातही तितक्याच पटकन, सावरायला फार वेळ देत नाहीत. पुढे इंजिन आणि मागे जोर असलेली गाडी जागेवरून सुटताना सर्वांत रडते. पण घसरते ती हळूहळू, सांगून सवरून. शिकायला तीच सोपी.

८. कोणता मोड लावू? स्नो मोड नसेल तर?

स्नो किंवा वेट मोड असेल तर तोच. या मोडमध्ये पेडलचा प्रतिसाद मऊ होतो, गिअर लवकर वर जातात आणि स्टॅबिलिटी कंट्रोल आधीच जागं होतं. पोर्शेने ९११ च्या ९९२ पिढीत पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर बसवले. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ते चालकाला वेट मोड सुचवतात. कोरड्या बर्फात पाणी उडतच नाही, तेव्हा सूचनेची वाट न बघता मोड स्वतःच लावा.

असा मोड नसेल तर सर्वांत सौम्य तो निवडा. सस्पेन्शन वेगळं बदलता येत असेल तर तेही मऊ ठेवा. गाडी थोडी झुकली की वजन कुठे सरकतंय ते अंगाला कळतं, आणि बर्फात ते कळणं फार मोलाचं. दुसऱ्या गिअरमधून सुरुवात करा. टर्बो गाडीत आणखी एक खाच असते. पेडल तेवढंच दाबून ठेवलं तरी टर्बो भरला की टॉर्क अचानक वाढतो, म्हणून एक गिअर वर ठेवून कमी आरपीएमवरच (इंजिनच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवरच) राहा.

९. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं का? कुणी म्हणतं करा, कुणी म्हणतं कधीच नको.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. धावत्या गाडीत, रहदारीत, ते चालूच ठेवा. खोल बर्फात जागेवरून सुटायचं असेल तेव्हा मात्र तात्पुरतं बंद करावं लागतं, कारण चाक जरा फिरलं की यंत्रणा इंजिनचा जोर काढून घेते आणि गाडी तिथेच रुसून बसते. थोडं फिरणारं चाक वरचा सैल बर्फ बाजूला सारून खाली पकड शोधतं. गाडी सुटली की लगेच पुन्हा चालू करा.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल ही दोन वेगळी कामं आहेत. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की पहिलं बंद होतं, आणि दाबून धरलं की दोन्ही. बर्फात दुसऱ्याला हात लावू नका.

१०. थांबायला नेमकं किती अंतर लागतं? आणि एबीएसमुळे बर्फात गाडी उशिरा थांबते हे खरं का?

ताशी ५० किलोमीटरवरून, प्रतिक्रियेचा वेळ सोडून, नुसत्या भौतिकशास्त्राचा हिशेब असा: घर्षणांक ०.८ असलेल्या कोरड्या डांबरावर सुमारे १२ मीटर, ०.२५ च्या दाबलेल्या बर्फावर ३९ मीटर, ०.१ च्या गुळगुळीत बर्फावर ९८ मीटर. चालकाला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा आणि प्रत्येक आकड्यात १४ मीटर मिळवा. या गणितात गाडीची किंमत, कॅलिपरमधले पिस्टन, डिस्कचा व्यास यातलं काहीच येत नाही. येतो फक्त टायर, आणि वेगाचा वर्ग. म्हणून वेग अर्ध्यावर आणला की अंतर पाव होतं.

एबीएसबद्दलचं म्हणणं सैल, खोल बर्फापुरतं खरं आहे. चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे बर्फाची पाचर तयार होते आणि ती गाडी अडवते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून पाचर होत नाही. पण लॉक झालेल्या चाकाने गाडी वळत नाही. दोन मीटर आधी थांबणं की अडथळ्याला वळसा घालता येणं, यात दुसरंच निवडावं. ब्रेकचं पेडल थरथरलं, कटकट आवाज आला तरी पाय उचलू नका. बरेच जण घाबरून नेमकं तेच करतात.

११. गाडी घसरायला लागली तर काय करायचं?

आधी ओळखा, कोणती बाजू सुटली आहे.

स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जात असेल तर पुढची चाकं सुटली आहेत. अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग आणखी वळवतात, आणि तेच चुकीचं. वळवलेलं थोडं सोडा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा आणि टायरला पुन्हा पकड घेऊ द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं असेल, तर पकड परत येताच गाडी झटक्यात आत फिरते.

मागची बाजू बाहेर जात असेल तर तुम्हाला जायचं आहे तिकडे बघा. हात नजरेमागे जातात. मागची बाजू ज्या दिशेला सुटली त्याच दिशेला स्टिअरिंग वळवा, चटकन पण मोजकं, आणि गाडी सावरू लागताच ते परत सरळ आणा. हे परत आणणं विसरलं की गाडी उलट्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू कमी करा, झटकन उचलू नका. झटकन उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. मागे किंवा मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत ते महागात पडतं.

गाडी पूर्ण फिरलीच, तर वाचवायचं आता काही नाही. ब्रेक घट्ट दाबून धरा, मॅन्युअल गिअर असेल तर क्लचही दाबा.

१२. उतारावर इंजिन ब्रेकिंग करावं ना? स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली आणतो, पण कधीकधी मागून झटका बसतो.

झटका बसतो कारण गिअर खाली येताच इंजिन मागच्या चाकांना मागे खेचतं, आणि तेवढीही पकड तिथे नसते. मागच्याच चाकांवर हँडब्रेक ओढल्यासारखा परिणाम होतो. आधुनिक गाड्यांत यावर उपाय असतो. चाक लॉक होतंय असं दिसताच यंत्रणा इंजिनला किंचित गती देते. तरी तिच्यावर सगळं सोपवू नका. उतार सुरू होण्याआधी, गाडी सरळ असताना योग्य गिअर घ्या आणि मग उतार संपेपर्यंत तोच ठेवा. मॅन्युअल गिअरच्या गाडीत आरपीएम जुळवून क्लच हळू सोडा.

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारमध्ये हेच काम रिजनरेशन करतं, म्हणजे पाय उचलताच मोटर गाडी रोखते आणि बॅटरी भरते. ते सर्वांत कमी पातळीवर ठेवा, कारण एका पेडलवर चालवण्याची सवय असलेला पाय अचानक वर येतो.

१३. किती बर्फापर्यंत गाडी न्यावी?

पुढच्या स्प्लिटरच्या (बंपरखालच्या पट्टीच्या) उंचीपर्यंत बर्फ आला की थांबा. बर्फ ढकलत जाणारी गाडी हळूहळू त्यावर चढते, सपाट पोट बर्फावर टेकतं आणि चाकांवरचा भार निघून जातो. मग कोणताही टायर उपयोगाचा नाही. पोटाखालची आच्छादनं तुटतात, रेडिएटरच्या जाळ्या बर्फाने बुजतात ते वेगळंच. नाक उचलणारी यंत्रणा बर्फ सारणाऱ्या ट्रकने सोडलेला बांध ओलांडायला उपयोगी पडते, पण ती फक्त कमी वेगात काम करते.

हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पोर्शेची ९११ डकार स्पोर्ट सस्पेन्शनच्या कॅरेरापेक्षा (नेहमीच्या ९११ पेक्षा) ५० मिलिमीटर उंच आहे आणि गरज पडली तर आणखी ३० मिलिमीटर वर उचलता येते. लॅम्बोर्गिनीची हुराकान स्टेराटो नेहमीच्या इव्होपेक्षा ४४ मिलिमीटर उंच. बाकी आपण सगळे रस्ता साफ होण्याची वाट बघणारे.

१४. चाकांना साखळ्या लावता येतात का?

गाडीगणिक उत्तर वेगळं. चाक आणि कमान यांच्यातली जागा इतकी कमी असते की अनेक मॉडेलांना साखळ्या चालतच नाहीत, किंवा फक्त मागच्या चाकांना, ठरावीक अरुंद टायरवर, बारीक कड्यांच्याच चालतात. चुकीची साखळी ब्रेकची नळी किंवा सेन्सरची वायर तोडू शकते. मंजूर साखळी असली तरी ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नका. कापडी मोजे मिळतात ते अडीअडचणीला ठीक. डांबर उघडं पडलेल्या रस्त्यावर ते भराभर फाटतात. घरच्या अंगणात एकदा लावून बघा. घाटात, अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिला प्रयोग नको.

१५. थंडीत टायरमध्ये हवा कमी भरावी म्हणजे पकड वाढते, हे खरं का?

सार्वजनिक रस्त्यावर नको. हवा तापमानाबरोबर आपणच कमी होते, दर १० अंशांना साधारण ०.१ बार. उबदार गॅरेजमध्ये भरलेला दाब बाहेर उणे १० मध्ये बराच खाली आलेला असतो आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. दाब बाहेरच्या थंडीत, टायर गार असताना, मॅन्युअलमध्ये हिवाळी मापासाठी दिलाय तेवढा ठेवा.

१६. बर्फातून आल्यावर महामार्गावर स्टिअरिंग जोरात थरथरतं. टायर खराब झाला का?

बहुतेक वेळा काहीच खराब झालेलं नसतं. रिमच्या आतल्या बाजूला बर्फ चिकटून गोठतो आणि चाकाचं संतुलन बिघडतं. रिम रुंद असल्याने स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त होतं. थांबून बर्फ काढा. टोकदार काही वापरू नका, आत सेन्सर असतो. बर्फ काढूनही थरथर राहिली तरच वर्कशॉप गाठा.

१७. सकाळी दार उघडताना काच अडकली. काय करायचं?

दाराला चौकट नसलेल्या गाड्यांत हँडल ओढताच काच काही मिलिमीटर खाली सरकते, तेव्हाच ती रबरी पट्टीतून सुटते. काच गोठली असेल तर ती सरकत नाही, आणि दार ओढलं की पट्टी फाटते किंवा काच उचकटते. ओढाताण करू नका. काचेची कड हाताने हलकेच थोपटा, बर्फ मोकळा करणारा स्प्रे मारा. गरम पाणी मुळीच नको, काच तडकते. हिवाळ्याआधी पट्ट्यांना सिलिकॉनचा हात फिरवला तर ही वेळ सहसा येत नाही.

कापडी छताच्या गाडीवरचा बर्फ मऊ ब्रशने काढा, खरवडू नका. कापड कडक झालेलं असताना छत उघडू नका. आपोआप वर येणारा स्पॉयलर सुरू करण्याआधी त्यावरचा बर्फ झटका, नाहीतर त्याची मोटर अडखळते.

१८. कार्बन-सिरॅमिक ब्रेक हिवाळ्यात धोक्याचे आहेत का? आणि रस्त्यावरच्या मिठाचं काय?

धोक्याचे नाहीत, पण सवय लागते. थंड आणि ओल्या डिस्कवर पहिला दाब जरा उशिरा लागतो. डिस्क लोखंडी असो वा सिरॅमिक, मीठ टाकलेल्या रस्त्यावर तिच्यावर मिठाचा थर बसतो. मागे कोणी नाही हे बघून अधूनमधून ब्रेक हलकेच दाबा, म्हणजे तो निघून जातो. सिरॅमिक डिस्क गंजत नाही, हा तिचा हिवाळ्यातला खरा फायदा.

बाकीची गाडी मात्र गंजते: सस्पेन्शनचे बोल्ट, एक्झॉस्टचे क्लॅम्प, ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे भेटतात ते सांधे. खालून धुवा, वरवर नको. धुतल्यावर थोडं अंतर चालवून ब्रेक कोरडे करा आणि मगच गाडी उभी करा, नाहीतर पॅड डिस्कला गोठून चिकटतात. रात्रभर उभी करताना जमीन सपाट असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवलेली बरी.

१९. गाडी निघण्याआधी किती वेळ गरम करावी?

तेलाचा दाब स्थिरावेपर्यंत, म्हणजे अर्धा-एक मिनिट. मग हळू चालवत गरम करा. उभ्या गाडीत तेल फार सावकाश तापतं आणि गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, टायर तर गारच राहतात. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं असं नाही. तेल त्याच्या बऱ्याच मागे असतं. बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्या तेल तापेपर्यंत टॅकोमीटरवरची (आरपीएमच्या काट्यावरची) लाल मर्यादा खाली ठेवतात. तुमच्या गाडीत ती सोय नसली तरी तोच नियम पाळा.

२०. गाडी रुतली. आता?

पेडल दाबून चाकं फिरवत राहू नका, खाली बर्फ वितळून गुळगुळीत खड्डा होतो. आधी उतरून एक्झॉस्टची नळी मोकळी आहे का ते बघा. ती बर्फाने बुजली असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. मग चाकांपुढचा आणि पोटाखालचा बर्फ काढा, चाकं सरळ करा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद (प्रश्न ९), दुसरा गिअर, हलका पाय. वाळू किंवा पायपुसणी चाकाखाली घाला.

पुढे-मागे झोके देऊन काढायचं असेल तर मोजकेच द्या. डबल-क्लच गिअरबॉक्सचे क्लच यात तापतात आणि गाडी स्वतःच नकार देते. ओढून काढायची वेळ आली तर दोरीचा हुक कुठे बसवायचा ते आधीच माहीत हवं. तो हत्यारांच्या पिशवीत असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे पिळून बसवायचा असतो. सस्पेन्शनला दोरी बांधू देऊ नका, मदत करणारा कितीही भला असला तरी.

२१. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक सुटून फिरू न देता दोन्हींना जोर देणारा) आहे, म्हणजे बर्फात फायदाच ना?

सरळ रस्त्यावर सुटताना फायदा. एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असेल तर तो नसलेल्या गाडीपेक्षा तुम्ही लवकर निघाल. पण दोन्ही चाकं बर्फावर असतील तर ती दोन्ही एकदमच फिरू लागतात, आणि फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही. रस्त्याला जरा आडवा उतार असला की सगळी मागची बाजू कडेला सरकते. साध्या डिफरेन्शियलमध्ये निदान एक चाक शांत राहून गाडीला धरून ठेवतं. यांत्रिक प्रकारात यावर उपाय फक्त उजवा पाय. इलेक्ट्रॉनिक प्रकार स्नो मोडमध्ये बहुधा स्वतःच सैल होतो.

२२. हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत का?

देशागणिक वेगळं. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, तीच अट, आणि नक्षी किमान ४ मिलिमीटर. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च, बर्फ असो वा नसो. जर्मनीत तारखाच नाहीत. रस्ता बर्फाळ असेल तर हवेतच, नसल्यास ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडगुण. सीमा ओलांडून जाणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम बघा, खिळ्यांच्या टायरबाबत तर नक्कीच: उत्तरेकडच्या देशांत ते सर्रास चालतात, जर्मनीत जवळजवळ सगळीकडे मनाई.

२३. बर्फात गाडी मुद्दाम घसरवत आडवी चालवायला (ड्रिफ्ट) शिकायचंय. रिकाम्या पार्किंगमध्ये करू का?

दिव्याचे खांब, बर्फाखाली लपलेले कठडे आणि बहुतेक ठिकाणी कायदाही आडवा येतो. शिकायला बंद जागाच हवी. फिनलंडमधल्या लेवीला पोर्शेचं बर्फावरचं प्रशिक्षण होतं. स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तलावांवर तर कार कंपन्याच हिवाळाभर चाचण्या घेतात. अशा ठिकाणी घसरून तुम्ही फार तर बर्फाच्या ढिगात जाता. प्रश्न ११ मधलं सगळं वाचून नाही, अशाच ठिकाणी अंगात मुरतं. गाडी त्यांची असेल तर आणखी उत्तम.

२४. उणे १५ मध्ये गाडी मस्त चालली आणि दुसऱ्या दिवशी शून्याला भयंकर घसरली. असं कसं?

असंच असतं. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायर त्यावर सरकतो. ओल्या बर्फाचा घर्षणांक ०.०५ पर्यंत खाली जातो. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा, करकरीत असतो आणि हिवाळी टायर त्याला बऱ्यापैकी धरतो. म्हणून डॅशबोर्डवर अधिक २ ते उणे ३ दिसत असेल तेव्हा सर्वांत सावध राहा. पुलावर विशेषतः: त्याला खालून मातीची ऊब नसते, म्हणून बाकी रस्ता नुसता ओला असताना पूल गोठलेला असतो. सावलीतलं वळणही तसंच. रस्ता काळा, चमकदार दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही.

२५. मार्च आला, रस्ता कोरडा, दुपारी १२ अंश. हिवाळी टायर काढून टाकू?

दुपारचं नव्हे, सकाळी निघता त्या वेळचं तापमान बघा. ते सलग आठवडाभर ७ च्या वर राहिलं आणि पुढच्या अंदाजातही तसंच असेल तर काढा. त्याआधी गाडी कोरड्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने हाकायचा मोह होईल. हिवाळी टायरची नक्षी मऊ असते, जोरात ब्रेक लावला की ती वाकते, थांबायला अंतर जास्त लागतं आणि टायरचे खांदे (नक्षीच्या बाहेरच्या कडा) झपाट्याने झिजतात. काढलेल्या टायरवर कोणतं चाक कुठलं ते खडूने लिहा, मीठ धुऊन पूर्ण वाळवा, आणि उन्हापासून, तसंच विजेवर चालणाऱ्या मोटर यंत्रांपासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवा. रिमसकट असतील तर आडवे रचले तरी चालतात. नुसते टायर उभेच ठेवा आणि महिन्याकाठी थोडे फिरवा.